रॅली कुठे लांबते, कुठे तुटते: वहीतून कोर्ट वाचायला शिका

माझ्या किटबॅगेत रॅकेट, पाण्याची बाटली आणि ग्रिपच्या पट्ट्यांबरोबर एक शंभर पानी वही असते. टेनिसचा सामना कोणाचाही असो, माझ्या विद्यार्थ्यांचा किंवा टीव्हीवरचा, प्रत्येक पॉइंट संपला की मी त्यात एकच आकडा लिहिते. या पॉइंटला किती फटके आत पडले, एवढंच.

ही सवय एका मुलीमुळे लागली. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि सगळा खेळ मातीच्या कोर्टवर शिकली होती. हार्ड कोर्टवरच्या (डांबर किंवा काँक्रीटवर रंगाचा थर दिलेल्या कोर्टवरच्या) लागोपाठ तीन स्पर्धांत ती पहिल्या फेरीत हरली. मी ठरवून टाकलं की रॅलीत, म्हणजे दोघींच्या सलग फटक्यांच्या देवाणघेवाणीत, ही टिकत नाही, दम कमी पडतो. सहा आठवडे तिच्याकडून वीस-वीस फटक्यांच्या क्रॉसकोर्ट (तिरप्या) रॅल्या घोटून घेतल्या. चौथ्या स्पर्धेतही ती हरली. त्या दिवशी बाहेर बसून मी फटके मोजत होते, आणि तेव्हा लक्षात आलं की नऊ फटक्यांच्या पुढे गेलेले जवळजवळ सगळे पॉइंट तिनेच जिंकले होते. ती हरत होती एक, दोन, तीन आणि चार फटक्यांत. जे तिला आधीच येत होतं त्यावर मी सहा आठवडे घालवले होते. दुखणं होतं रिटर्नमध्ये, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस परतवण्यात, आणि सर्व्हिसनंतरच्या पहिल्या फटक्यात.

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. कोर्ट आणि शैली यांचा विचार त्यानंतर.

मोजायचं कसं

नियम एकच: जो फटका नेट पार करून आत पडला तोच मोजायचा. बाहेर गेलेला किंवा नेटमध्ये अडकलेला शेवटचा फटका मोजायचा नाही. सर्व्हिस हा पहिला फटका. डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या, तर शून्य. बिनतोड सर्व्हिस पडली, किंवा सर्व्हिस आत पडली आणि रिटर्न चुकला, तर एक. रिटर्न आत आला आणि सर्व्हिस करणाऱ्याचा पुढचा फटका चुकला, तर दोन.

या पद्धतीत एक मोठी सोय आहे. शेवटचा आत पडलेला फटका ज्याचा, पॉइंट त्याचा. सर्व्हिस करणाऱ्याचे फटके पहिला, तिसरा, पाचवा असे येतात. म्हणजे आकडा विषम असेल तर पॉइंट सर्व्हिस करणाऱ्याने जिंकला, आणि सम असेल (शून्यासकट) तर रिटर्न करणाऱ्याने. कोण जिंकलं हे वेगळं लिहावंच लागत नाही. गेम सुरू होताना सर्व्हिस कोणाची आहे ते लिहा आणि पुढे नुसते आकडे मांडत चला. पहिली सर्व्हिस चुकून दुसरीवर पॉइंट खेळला गेला असेल तर आकड्याखाली टिंब द्या. त्या टिंबाचा उपयोग पुढे येतो.

आता सरासरी काढायचा मोह होईल. तो आवरा. समजा एकाच खेळाडूच्या सर्व्हिसवरचे दहा पॉइंट असे गेले: १, १, २, १, ३, १, २, १, ४, २४. सरासरी बरोबर चार येते, पण चार फटक्यांचा पॉइंट दहांत एकच आहे. निम्मे पॉइंट एका फटक्यात संपलेत. एका चोवीस फटक्यांच्या रॅलीने सगळं चित्र पुसून टाकलं. सामना पाहून घरी आलेल्या माणसालाही ती चोवीसचीच आठवते, आणि मग तो दुसऱ्या दिवशी चोवीस फटक्यांचा सराव करतो. मीही तेच केलं होतं.

त्यापेक्षा तीन खणांत मोजा: शून्य ते चार, पाच ते आठ, नऊ आणि पुढे. २०१५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुष एकेरीचे सुमारे ७० टक्के पॉइंट पहिल्या खणात पडले, सुमारे २० टक्के दुसऱ्यात आणि उरलेले सुमारे १० टक्के तिसऱ्यात. जगातले सर्वांत टिकाऊ खेळाडू जिथे खेळतात तिथे ही वाटणी आहे. तुमच्या वहीत पहिला खण भरलेला दिसला तर घाबरू नका. तो सगळ्यांचाच भरलेला असतो. कोर्ट बदललं की हे प्रमाण थोडं इकडेतिकडे होतं, आणि त्या थोड्यातच सामने फिरतात.

कोर्ट नेमकं काय करतं

कोर्ट खेळाडूला वेळ देतं किंवा त्याच्याकडून वेळ काढून घेतं. बाकी सगळं यातून निघतं.

चेंडू टप्पा घेतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. पृष्ठभाग त्याला घासतो, त्यामुळे पुढे जाण्याचा वेग कमी होतो. आणि पृष्ठभाग त्याला वर फेकतो. किती घासतो आणि किती वर फेकतो, या दोहोंच्या बेरीज-वजाबाकीतून कोर्ट संथ वाटतं की वेगवान ते ठरतं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ याच दोन गोष्टी मोजून प्रत्येक पृष्ठभागाला आकडा देतो. २९ पर्यंत संथ, ३० ते ३४ मध्यम संथ, ३५ ते ३९ मध्यम, ४० ते ४४ मध्यम वेगवान आणि ४५ पासून पुढे वेगवान.

लाल मातीवर वर भुकटी सैल असते आणि खालचा थर टणक. रोलाँ गॅरोसच्या (पॅरिसमध्ये फ्रेंच ओपन होते तिथल्या) कोर्टवर विटांच्या चुऱ्याचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. त्याखाली दाबून बसवलेला चुनखडीचा चुरा. सैल भुकटी चेंडूला पकडते, टणक तळ त्याला उचलतो. चेंडू रेंगाळत, उंच येतो. खांद्याच्या उंचीवर आलेला संथ चेंडू गाठायला वेळ भरपूर मिळतो, पण त्यावर विजयी फटका मारणं अवघड जातं. शिवाय बचाव करणारा घसरत घसरत चेंडूपर्यंत पोहोचतो. दोन्ही बाजूंनी रॅली लांबते.

हिरवळीवर उलटं. पाती निसरडी, त्यामुळे घर्षण कमी. खालची जमीन मातीची, ती उसळी थोडी गिळते. चेंडू खाली राहून सरपटत पुढे येतो. मात्र हिरवळ म्हटलं की डोळे मिटून ‘वेगवान’ म्हणणं चुकीचं. विम्बल्डनने २००१ मध्ये जुनं मिश्र गवत बदलून पूर्ण राय गवत लावलं. कोर्ट जास्त टणक आणि टिकाऊ झालं, उसळी वाढली. पुढच्याच वर्षी, २००२ ला, लेटन ह्युइट आणि डेव्हिड नालबंडियान हे दोन बेसलाइनवाले, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून खेळणारे, तिथे अंतिम फेरीत समोरासमोर आले. आधीच्या दशकात पीट सॅम्प्रस आणि गोरान इव्हानिसेविच यांच्या सर्व्हिसचे धमाके पाहिलेल्यांना तो सामना वेगळ्याच स्पर्धेतला वाटला असणार.

हार्ड कोर्टबद्दल लोक सर्वांत जास्त फसतात, कारण सगळी दिसायला सारखी असतात. वरच्या रंगाच्या थरात वाळू मिसळलेली असते आणि तिचं प्रमाण व दाणा यावर वेग ठरतो. जास्त खरखरीत ते संथ. नवं कोर्ट संथ असतं आणि वापरून रंग गुळगुळीत झाला की वेगवान होत जातं.

त्यात चेंडू आणि हवा यांची भर. गरम हवेत चेंडू जास्त उसळतो. दमट हवेत मातीच्या कोर्टवर चेंडू ओल आणि भुकटी धरतो, फुगतो, जड होतो. समुद्रसपाटीपासून उंचावर हवा विरळ असते, म्हणून चेंडू सुसाट सुटतो. माद्रिद साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. तिथली माती पॅरिसच्या मातीसारखीच लाल, पण खेळ जास्त वेगवान.

वॉर्मअपच्या पाच मिनिटांत मी काय बघते ते सांगते. आधी हार्ड कोर्ट असेल तर तळहात जमिनीवर घासते, एकदा बेसलाइनच्या मागे आणि एकदा सर्व्हिस बॉक्समध्ये. दोन्हीकडे खरखर सारखी असेलच असं नाही. मग समोरच्याला साधे, मध्यम जोराचे फटके मारायला लावते आणि माझ्या नेहमीच्या जागी उभी राहून चेंडू शरीराच्या कोणत्या उंचीवर येतो ते बघते. गुडघा, कंबर की खांदा. शेवटी एक स्लाइस, म्हणजे चेंडूला खालून कापून उलटी फिरकी देणारा फटका, मारून बघते. स्लाइस टप्प्यानंतर बसला आणि सरकला तर कोर्ट वेगवान बाजूचं, उभा राहून वाट बघत थांबला तर संथ. हा स्लाइस माझ्या मते सर्वांत खरा साक्षीदार आहे.

कोर्ट एकटं काही ठरवत नाही

मातीवर रॅल्या लांबतात हे सगळे म्हणतात. मग मॅट्स विलँडरचे दोन अंतिम सामने शेजारी शेजारी ठेवा. १९८२ च्या फ्रेंच ओपनमध्ये सतरा वर्षांचा विलँडर गिलेर्मो विलासशी खेळला. दोघेही बेसलाइनवर ठाण मांडून चेंडू परत टाकणारे. चार सेटचा तो सामना ४ तास ४२ मिनिटं चालला. पुढच्या वर्षी तेच कोर्ट, तोच विलँडर, पण समोर यानिक नोआ. नोआ सतत नेटवर धावून येत राहिला, विलँडरला हवी ती लांबण लागूच दिली नाही, आणि ६-२, ७-५, ७-६ असा जिंकला.

मी यावरून जे शिकले ते मुलांना पहिल्या दिवशीच सांगते: रॅली लांबायला दोघं लागतात, तोडायला एकच पुरतो. कोर्ट फक्त तोडण्याची किंमत ठरवतं. मातीवर ती किंमत जास्त. तिथे विजयी फटक्यासाठी रेषेच्या जास्त जवळ मारावं लागतं, म्हणून चुका वाढतात. हिरवळीवर तीच गोष्ट स्वस्तात होते.

दोघांनीही तोडायचं नाही असं ठरवलं तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण १९८४ चं आहे. रिचमंडमधल्या स्पर्धेत व्हिकी नेल्सन आणि जीन हेपनर यांच्यात एक रॅली २९ मिनिटं चालली, ६४३ फटक्यांची. सामना दोनच सेटचा, पण वेळ ६ तास ३१ मिनिटं. हिशेब केला तर दर फटक्याला जवळपास २.७ सेकंद पडतात. जोरकस बेसलाइन रॅलीत साधारण निम्माच वेळ लागतो. म्हणजे चेंडू उंच, झोकदार, पुन्हा पुन्हा आकाशातून येत होता. त्या दोघींनी तो वेळ स्वतः तयार केला होता.

दुसरं टोक म्हणजे २०१० मध्ये विम्बल्डनला झालेला जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना. ११ तास ५ मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८, एकूण ९८० पॉइंट. त्यात इस्नरच्या ११३ आणि माहूच्या १०३ बिनतोड सर्व्हिस. म्हणजे पाचातला एकाहून जास्त पॉइंट सर्व्हिसवरच संपला, समोरच्याची रॅकेट चेंडूला लागलीसुद्धा नाही. सामना लांब असणं आणि रॅली लांब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तब्येतीची तयारीही दोन्हींसाठी वेगळी लागते.

समोरच्याला तीन प्रश्न

‘आक्रमक’ आणि ‘बचावात्मक’ हे शब्द मला फारसे उपयोगी वाटत नाहीत. त्याऐवजी प्रतिस्पर्ध्याकडे बघून मी तीन प्रश्नांची उत्तरं वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहिते.

तो चेंडू कुठे घेतो? टप्पा घेऊन चढत असताना, माथ्यावर, की खाली उतरताना? चढता चेंडू घेणारा समोरच्याचा वेळ खातो. तो संथ कोर्टही तुमच्यासाठी वेगवान करून टाकतो. मागे जाऊन उतरता चेंडू घेणारा स्वतःसाठी वेगवान कोर्ट संथ करतो. रमेश कृष्णन यांची सर्व्हिस कधीच भीतीदायक नव्हती, फटक्यांत राक्षसी ताकदही नव्हती. पण ते चेंडू लवकर घेत आणि खाली ठेवत. १९८६ मध्ये ते विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले, आणि १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, हार्ड कोर्टवर, त्यांनी त्याच विलँडरला हरवलं, तेही तो अव्वल क्रमांकावर असताना. रॅली तोडायला ताकदच लागते असं मानणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे सांगते.

दुसरा प्रश्न: त्याचा चेंडू नेटवरून किती उंच जातो? एक हात उंच आणि भरपूर टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी) असेल तर त्याला रॅली चालवायची आहे. नेटला घासून सपाट जात असेल तर चार-पाच फटक्यांत काहीतरी होणार, त्याचा पॉइंट किंवा त्याची चूक.

तिसरा: आखूड, म्हणजे नेटच्या जवळ पडणारा, चेंडू मिळाल्यावर तो काय करतो? पुढे येऊन मारतो आणि पुढेच थांबतो, की मारून पुन्हा बेसलाइनवर पळतो? पळणाऱ्याविरुद्ध आखूड चेंडू पडला तरी रॅली जिवंत राहते. थांबणाऱ्याविरुद्ध तो पॉइंट पुढच्या दोन फटक्यांत निकालात निघतो.

आता ही उत्तरं आणि त्या स्लाइसने सांगितलेला कोर्टचा वेग एकत्र ठेवा. उंच मारणारे, मागे राहणारे दोघं संथ कोर्टवर आले तर नऊच्या पुढचा खण भरणार, जेवण पोटभर नको आणि पाणी जास्त हवं. सपाट मारणारा आणि मागे राहणारा असेल तर पाच ते आठचा खण महत्त्वाचा. सपाट मारणाऱ्याला तिथपर्यंत काम उरकायचं असतं आणि मागच्याला तिथून पुढे न्यायचं असतं. दोघंही सर्व्हिसवर जगणारे असतील तर कोर्ट कोणतंही असो, पहिला खणच सामना ठरवतो.

लांबवायचं असेल तर, तोडायचं असेल तर

वहीत तुमचे पॉइंट लांब रॅल्यांत येत असतील आणि कोर्ट वेगवान असेल, तर सगळ्यांत आधी रिटर्नची जागा बदला. एक-दोन पावलं मागे जा, स्विंग आखूड ठेवा आणि चेंडू मधोमध, खोल टाका. कोपरे शोधू नका. रॅली लांबवणं म्हणजे दुसरा आणि चौथा फटका आत पडणं, बस. सातव्या फटक्याची चिंता तिथे पोहोचल्यावर. माझ्या त्या विद्यार्थिनीबरोबर मी पुढचे दोन महिने हेच केलं. सर्व्हिस, रिटर्न, दोघींचा आणखी एक-एक फटका आणि थांब. पुन्हा सर्व्हिस. पाचवा फटका आम्ही खेळतच नव्हतो. तो तिला येत होता.

उलट, तुमची ताकद सुरुवातीच्या फटक्यांत असेल आणि कोर्ट मातीचं असेल, तर जोर वाढवू नका. सगळे इथेच चुकतात. माती जोर पिऊन टाकते, पण कोन आणि उंची पीत नाही. सर्व्हिस बाहेरच्या कोपऱ्यात वळवून टाका म्हणजे प्रतिस्पर्धी कोर्टबाहेर जाईल, आणि तिसरा फटका मोकळ्या बाजूला मारा. तो मागे खूप लांब उभा राहत असेल तर ड्रॉप शॉट, म्हणजे नेटच्या लगेच पलीकडे हलकेच टाकलेला चेंडू. पण समोरचा मागच्या पायावर गेलेला दिसल्याशिवाय मारू नका. आणि आपल्या टिंबांकडे बघा. दुसऱ्या सर्व्हिसवरचे बहुतेक पॉइंट पाचाच्या पुढे जाऊन हरत असाल, तर गरज आणखी जोरदार फोरहँडची नाही, पहिली सर्व्हिस जास्त वेळा आत टाकण्याची आहे.

एक गोष्ट माझ्या सगळ्या वह्यांत पुन्हा पुन्हा दिसते. पंधराच्या पुढची रॅली झाली की त्यानंतरचा पॉइंट बहुधा आखूड असतो. कोणीतरी धापा टाकत घाईत मारतो. तो घाई करणारा तुम्ही नसावं. सर्व्हिस तुमची असेल तर वेळेच्या नियमात बसेल तेवढा पूर्ण श्वास घ्या. समोरच्याची असेल तर रिटर्न फक्त आत टाका, कोणतीही करामत नको.

कोर्टच्या बाजूंनीही फरक पडू शकतो. २००७ मध्ये मायोर्कातल्या पाल्मा इथे नदाल आणि फेडरर अर्ध्या मातीच्या, अर्ध्या हिरवळीच्या कोर्टवर प्रदर्शनी सामना खेळले. नेटच्या एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला गवत. बाजू बदलताना बूट बदलता यावेत म्हणून जास्त वेळ दिला होता. मातीवर सलग ७२ सामने जिंकलेला एक, गवतावर सलग ४८ जिंकलेला दुसरा, आणि निकाल नदालच्या बाजूने ७-५, ४-६, ७-६. तुमच्या नेहमीच्या कोर्टवर एवढा फरक नसेल, पण एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली, एका बाजूची बेसलाइन झिजलेली, मातीचा एक भाग ओला आणि दुसरा कोरडा, हे असतंच. तुमचा फटका प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या जमिनीवर पडतो. तेव्हा किती जोर लावायचा ते त्याच्या पायाखालची जमीन बघून ठरवा, स्वतःच्या नाही.

म्हणून बाजू बदलली की मी वहीत छोटी उभी रेघ मारते. चेंडू नवे आले तर शेजारी गोल. ढग आले, वारा पडला, कोर्टवर पाणी मारलं, तर पूर्ण आडवी रेघ, आणि तिच्याखाली तीन खणांची मोजणी पुन्हा शून्यापासून.